फळा आणि दप्तर

जुन्या कागदांचें मोल महाराष्ट्राला कळत नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून दोन-तीन पिढ्या गांवोगांव हिंडून, वाण्याच्या दुकानांतून, देवघरावरच्या माळ्यांतून आणि पुष्कळदां वाळवीच्या मुखांतून दप्तरें सोडवून आणीत राहिल्या. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. आमचें यवतमाळ पुण्यापासून दूर खरें. परंतु येथेंहि यशवंत खुशाल देशपांडे ह्यांच्यासारखा वकील पक्षकारांच्या कागदांइतक्याच आस्थेनें महानुभावांच्या पोथ्यांच्या मागें लागला, १९२५ सालीं त्यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हें पुस्तक निघालें, आणि शारदाश्रमाचें नांव संशोधकांच्या तोंडीं झालें. वतनाची सनद, कुळकर्ण्याचा ताळेबंद, एखाद्या सरदाराच्या घरच्या लग्नाचा खर्च, ह्या सर्वांस आमच्या विद्वानांनीं दप्तरांत मानाची जागा दिली. एका जातीच्या कागदाला मात्र ती फार क्वचित् मिळाली. तो कागद म्हणजे गणित आणि पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें आपलें स्वतःचें दप्तर उभारलें आहे, हा अपवाद आम्ही आनंदानें नमूद करतों. परंतु कॉलेजांतून तीस-तीस वर्षें शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या वह्यांचा मार्ग अद्यापि बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूकडेच जातो.

ह्याचें कारण उघड आहे. प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाचीं निदान उपकरणें तरी मागें राहतात. तीं कांचेच्या कपाटांत ठेवतां येतात. सैद्धान्तिक पदार्थविज्ञान करणाऱ्याचें सारें भांडवल म्हणजे पेन्सिल आणि कागद, आणि त्या कागदावर काय असतें? ग्रीक अक्षरें, त्यांच्या डोक्यावर व पायाशीं बारीक अंक, मधूनच सगळ्या पानावर मारलेली एक आडवी रेघ. घरच्या माणसांस तें वाचतां येत नाहीं, आणि जें वाचतां येत नाहीं तें टाकण्यास हात कचरत नाहीं. पण महानुभावांच्या पोथ्यांची गोष्ट ह्याहून निराळी होती काय? त्यांच्या सकळ लिपींतलीं पानें शतकानुशतकें पंथाबाहेरच्या कोणासहि लागत नव्हतीं. राजवाड्यांनीं किल्ली शोधली, आणि मराठीच्या आरंभकाळच्या गद्याचें एक मोठें दालन उघडलें. पोथ्या मठांतून जपून ठेविलेल्या होत्या म्हणून ती किल्ली उपयोगी पडली.

युरोपियन लोक ह्या बाबतींत आमच्यापेक्षां उपजत शहाणे आहेत, असाहि कोणी समज करून घेऊं नये. न्यूटनचे किमयेवरचे व धर्मशास्त्रावरचे कागद १९३६ सालीं लंडनांत लिलावांत निघाले, आणि केन्स ह्या अर्थशास्त्रज्ञानें धडपड करून त्यांतले पुष्कळसे जमविले नसते तर ते कायमचे पांगले असते. वॉटसन हा गणिती १९६५ सालीं वारला तेव्हां त्याच्या खोलींत जमिनीवर फूटभर जाडीचा कागदांचा थर पसरला होता व थोड्याच दिवसांत तो जाळला जावयाचा होता. त्या ढिगांतून ओढून काढलेल्या कागदांतच रामानुजनच्या अखेरच्या दिवसांतलीं शंभरावर पानें होतीं. तीं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत जाऊन पडलीं, आणि १९७६ सालीं अँड्रूज ह्या अमेरिकन गणितज्ञाच्या हातीं लागलीं. जगांतले गणिती पन्नास वर्षें त्या पानांवर राबत आहेत. आतां मात्र तिकडचे लोक इतके सावध झाले आहेत कीं, केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजांत फ्रेड हॉइल ह्या ज्योतिर्विदाच्या पत्रांबरोबर व हस्तलिखितांबरोबर त्याचे डोंगर चढण्याचे बूट आणि बर्फ फोडण्याची कुऱ्हाडहि ठेवलेली आहे. बुटांपर्यंत मजल जावी असा आमचा आग्रह नाहीं.

हॉइलचें नांव निघालें म्हणजे मराठी वाचकाला त्याच्या शिष्याचें, जयंत नारळीकरांचें, नांव आठवावें हें साहजिक आहे. पण आम्हांला येथें त्यांच्या वडिलांविषयीं लिहावयाचें आहे, कारण थोरल्या नारळीकरांचें आयुष्य हें प्रथमतः आणि शेवटपर्यंत एका शिक्षकाचें आयुष्य होतें.

विष्णु वासुदेव नारळीकर ह्यांचा जन्म १९०८ सालीं कोल्हापुरास झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, तेथें गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत चमकले, आणि एडिंग्टनसारख्याच्या सान्निध्यांत सापेक्षतावादाच्या अभ्यासास लागले. पुढचें संशोधन परदेशांतच करीत राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु पंडित मदनमोहन मालवीयांचें निमंत्रण आलें आणि १९३२ सालीं ते काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वयाची पंचविशीहि तेव्हां गांठली नव्हती. पुढचीं अठ्ठावीस वर्षें, म्हणजे १९६० पर्यंत, ते तेथेंच शिकवीत होते. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धान्ताचे अभ्यासक त्या काळीं हिंदुस्थानांत बोटांवर मोजण्याइतके. जगांतहि ह्या विषयाला फारशी चलती नव्हती. पदार्थविज्ञानांतली हुशार मुलें अणूच्या गर्भाकडे धांवत होतीं, आणि सापेक्षतावाद हा गणितज्ञांचा एक सुंदर परंतु निरुपयोगी बगीचा समजला जाई. अशा वेळीं काशीस बसून ती बाग शिंपीत राहणें ह्याला केवळ विद्वत्ता पुरत नाहीं. थोडा हट्टीपणाहि लागतो.

त्या हट्टाला आलेलें एक फळ सांगतों. १९४२ सालीं प्रह्लाद चुनीलाल वैद्य नांवाचे एक चोवीस वर्षांचे गुजराथी तरुण नारळीकरांजवळ संशोधन करण्यासाठीं काशीस येऊन राहिले. गांठीला शिल्लक होती तेवढी घेऊन, बायकोला व तान्ह्या मुलीला बरोबर आणून ते आले होते. वर्ष चळवळीचें, विश्वविद्यालय ढवळून निघालेलें. शिल्लक संपली तेव्हां, म्हणजे सुमारें दहा महिन्यांनीं, वैद्य परत गेले. परंतु १९४३ सालच्या ‘करंट सायन्स’च्या बाराव्या खंडांत १८३ व्या पृष्ठावर त्यांचें जें जेमतेम पानभराचें टिपण छापलें गेलें, त्यानें त्यांचें नांव ह्या शास्त्रांत कायमचें झालें.

प्रश्न काय होता, तें शास्त्र न शिकलेल्या वाचकालाहि समजण्यासारखें आहे. ताऱ्याच्या बाहेर गुरुत्वाकर्षणाचें क्षेत्र कसें असेल, ह्याचें उत्तर श्वार्झशिल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९१६ सालींच दिलें होतें. पण तें उत्तर न प्रकाशणाऱ्या ताऱ्याचें होतें! ताऱ्याभोंवतीं कांहीं नाहीं, केवळ पोकळी आहे, असें त्यांत गृहीत होतें. वस्तुतः आपला सूर्य दर सेकंदास सुमारें ४० लाख टन इतकें आपलें वस्तुमान प्रकाशाच्या रूपानें उधळीत असतो. म्हणजे तो क्षणोक्षणीं हलका होत आहे, आणि त्याच्या भोंवतालची जागा रिकामी नसून बाहेर धांवणाऱ्या तेजानें भरलेली आहे. ह्या तेजस्वी, झिजणाऱ्या ताऱ्याचें क्षेत्र वैद्यांनीं गणितानें मांडलें. तें लिहिलें गेलें तेव्हां त्याचा उपयोग काय, असें विचारणाऱ्याला उत्तर देणें कठिण होतें. पुढें वीस वर्षांनीं दूरच्या आकाशांत प्रचंड तेज ओकणारे पदार्थ सांपडले, कृष्णविवरांचा विचार सुरू झाला, आणि वैद्यांचें सूत्र जगभरच्या अभ्यासकांस लागूं लागलें. तें छोटें टिपण १९९९ सालीं सापेक्षतावादाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकानें जुनें सोनें म्हणून पुन्हां छापलें.

त्या टिपणाखालीं नांव एकट्या वैद्यांचें आहे. आमच्या विषयाचें मर्म आम्हांला येथें दिसतें. प्रश्न शिष्यापुढें कोणी ठेवला, पहिल्या चार वाटा कोणत्या फसल्या, गुरूनें कोठें हात धरला आणि कोठें मुद्दाम धरला नाहीं, ह्यांतलें कांहींहि छापील पानावर उतरत नाहीं. उतरूंहि नये, कारण छापील पान हें सिद्धीचें पान असतें. शिक्षक जितका थोर तितका तो छापील कागदावरून पुसला जातो. राजाचें काम शिलालेखांत राहतें, कवीचें ग्रंथांत राहतें. शिक्षकाचें काम ज्या एकाच जागीं राहूं शकतें ती जागा म्हणजे त्याच्या वह्या, पत्रें आणि टिपणें, आणि नेमकी तीच आम्ही रद्दींत घालतों.

दुसरें उदाहरण करमरकरांचें. के. आर. करमरकर हे काशीच्याच परंपरेंतले. त्यांचा १९४८ सालचा एक निबंध बंगलोरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तांत आहे. कागदाचें पान द्विमित खरें, पण तें वांकविलें तर त्याला मावण्यास त्रिमित खोली लागते; त्याचप्रमाणें आपलें चतुर्मित वक्र विश्व किती मितींच्या सरळ विश्वांत मावेल, हा एक जुना प्रश्न आहे. गोलाकार सममिति असलेलें क्षेत्र पांच मितींत मावावें तर कोणती अट पाळली जावी लागते, तें करमरकरांनीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं नारळीकर व करमरकर ह्या दोघांचा मिळून अशाच जातीचा दुसरा निबंध निघाला. हे दोन्ही निबंध कित्येक दशकें जवळजवळ झोंपून होते. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र अतिघन ताऱ्यांच्या अंतर्भागाचें गणित करणाऱ्यांनीं ‘करमरकर अट’ एवढी उचलून धरली आहे कीं, तिच्यावरचे निबंध वाचून संपत नाहींत. हें घडूं शकलें, कारण त्या ॲकॅडमीनें आपले सगळे जुने अंक जपले आणि आतां ते कोणालाहि घरबसल्या, विनामूल्य पाहतां येतील असे खुले केले. यवतमाळास बसून आम्हीं ते १९४८ चें पान पाहिलें, तेव्हां त्या अक्षरजुळणीकडे पाहून कंपोझिटरचीच कींव आली.

ज्या दप्तराचा मागमूस राहणें शक्यच नव्हतें असेंहि एक दप्तर त्या घरांत होतें. काशीच्या घरांत नारळीकरांनीं मुलांसाठीं भिंतीवर फळे लावून घेतले होते. मुलांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, शिक्षणासाठीं त्यांच्या घरीं राहावयास आले, ते त्या फळ्यावर भाच्यासाठीं आव्हान म्हणून एखादें कोडें लिहून ठेवीत, आणि तें सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. जयंतरावांनीं ही आठवण स्वतः सांगितली आहे. आई सुमतीबाई संस्कृताच्या व्यासंगी, दुसरे मामा वसंतराव हुजूरबाजार संख्याशास्त्रांतले नामांकित. अशा घरांतला फळा म्हणजे एक विद्यापीठच. पण फळ्याचा धर्म पुसला जाण्याचा. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हें आत्मवृत्त जयंतरावांनीं लिहिलें, त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१ सालीं नाशिकच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपदहि महाराष्ट्रानें ह्या शास्त्रज्ञाला दिलें, म्हणून तो फळा आम्हांस निदान शब्दांतून दिसतो. २० मे २०२५ रोजीं जयंतराव निवर्तले. ज्या घरांत असा लिहिणारा मुलगा निपजत नाहीं, तेथल्या फळ्याचें काय होतें तें सांगावयास नको.

तें आम्हांला जवळून दिसलें म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. आमचे एक स्नेही आमच्याच जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या गांवीं तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकवीत होते. संशोधक म्हणून त्यांचें नांव नाहीं; तशी हौसहि त्यांना नव्हती. ते गेल्यावर कांहीं महिन्यांनीं त्यांच्या पत्नीनें आम्हांस बोलावून घेतलें आणि पलंगाखालची लोखंडी पेटी दाखवून विचारलें, “भाऊजी, ह्या वह्यांचें काय करूं? फेंकवत नाहींत आणि ठेवायला जागा नाहीं.” पेटींत एकतीस वह्या होत्या. आम्ही साहित्य शिकविणारे. पदार्थविज्ञान इंटरपर्यंत शिकलेलें, तेंहि विसरलेलें. पण वह्यांचा समास कोणालाहि वाचतां येण्यासारखा होता. त्यांत ठिकठिकाणीं तांबड्या शाईनें एकच शेरा होता : “येथें अडतात.”

सापेक्षतावादाच्या धड्यांत हा शेरा पहिल्या वर्षींच आगगाडीच्या उदाहरणापाशीं आहे. इंग्रजी पुस्तकांत प्रकाशाच्या वेगाशीं स्पर्धा करणारी आगगाडी असते, तीच त्यांनीं फळ्यावर काढली असावी. दुसऱ्या वर्षीं पुन्हां “येथें अडतात”, आणि पुढें “हंसतात”. कां हंसत असतील, हें आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकास सांगितलें पाहिजे. आमची आगगाडी म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धांवणारी शकुंतला. अरुंद रुळांची ही गाडी ११३ किलोमीटरांस पांच-सहा तास घेई, आणि सायकलवाल्यानें मनांत आणलें तर तो तिच्या बरोबरीनें जाई, असा तिचा लौकिक होता. आतां तीहि बंद पडली आहे. तिसऱ्या वर्षीं आमच्या स्नेह्यांनीं पुस्तकांतली गाडी खोडून शकुंतलेलाच वर्गांत आणलें. ताशीं २० किलोमीटर वेगानें शकुंतला न थांबतां शंभर वर्षें धांवली, तर तिच्यांत बसलेल्या माणसाचें घड्याळ फलाटावरच्या घड्याळाच्या किती मागें पडेल? उत्तर पानाच्या तळाशीं आहे : सेकंदाच्या सुमारें १८ लाखाव्या भागाइतकें. त्यापुढें लिहिलें आहे, “हंसले, पण स्वतः करून पाहिलें.” चौथ्या वर्षीं त्या जागीं तांबडी शाई नाहीं.

हें संशोधन नव्हे काय? काशीच्या प्राध्यापकाची आणि तालुक्याच्या अध्यापकाची तुलना आम्ही करीत नाहीं. एकानें शास्त्रांत भर घातली, दुसऱ्यानें तें शास्त्र शेतकऱ्याच्या मुलाच्या दारापर्यंत नेलें. पण मुलाची बुद्धि नेमकी कोठें अडते आणि कोणत्या शब्दानें ती सुटते, हें ज्ञान छापील पुस्तकांत नसतें. तीस वर्षें दरसाल एक वर्ग पुढें बसवून तें मिळवावें लागतें, आणि तें एका लोखंडी पेटींत मावतें.

आमची विद्या गुरुमुखानें चालत आलेली, शिष्य हेंच गुरूचें दप्तर, असें ह्यावर उत्तर मिळतें. आम्हांला हें उत्तर ऐकण्याचा प्रसंग पुष्कळदां येतो, आणि तें देणारे बहुधा कपाट रिकामें करण्याच्या घाईंत असतात. त्यांत अर्धें सत्य आहे खरें. नारळीकर काशी सोडून १९६० सालीं राजस्थानच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले (सापेक्षतावादाच्या पंडितानें सहा वर्षें उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्या, हा सरकारी विनोद आम्हांला अजून पचलेला नाहीं), आणि १९६६ सालीं लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून पुण्यास आले. तेथें नरेश दधीच हे राजस्थानचे तरुण त्यांच्यापाशीं शिकले. पुढें १९८८ सालीं जयंतरावांनीं पुण्यांत ‘आयुका’ ही संस्था उभी केली, २००३ पासून २००९ पर्यंत दधीच तिचे संचालक झाले. आणि गुरुत्वतरंग टिपण्यासाठीं जो प्रचंड वेध आमच्या शेजारीं, पैनगंगेपलीकडे हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांनिशीं उभारावयाचा आहे, ज्याला २०२३ च्या एप्रिलांत केंद्र मंत्रिमंडळानें मंजुरी दिली, त्याच्या मागें असलेल्या संस्थांत ही आयुकाहि आहे. वैद्य गुजराथेंत परतून गणिताचे शिक्षक झाले, कुलगुरु झाल्यावरहि सायकलवरून कचेरींत जात, आणि ‘सुगणितम्’ हें मुलांसाठींचें नियतकालिक चालवीत. १९३२ मध्यें काशीस लावलेलें रोप असें पसरत गेलें.

परंतु ज्यांनीं वेद मुखानें राखले त्यांनीं ते असे सैल सोडले नव्हते. एक अक्षर, एक स्वर हलूं नये म्हणून त्यांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठाचे प्रकार रचले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या घोकले. मौखिक परंपरा हें त्यांचें दप्तरच होतें, आणि त्याची व्यवस्था आमच्या कोणत्याहि कचेरीपेक्षां कडक होती. आमच्या कॉलेजांतून तो घोष उरला नाहीं आणि कपाटहि उरलें नाहीं. प्रत्येक नवा अध्यापक पहिल्या दिवशीं तीच पुस्तकांतली आगगाडी फळ्यावर काढतो, मुलें तेथेंच अडतात, आणि आधीच्या माणसानें तो दगड तीस वर्षांपूर्वीं बाजूस केला होता, हें त्याला सांगणारा कोणी नसतो.

पेटी आम्हीं घरीं आणली आहे. एका मोठ्या ग्रंथालयास विचारून पाहिलें. लेखकाचीं छापील पुस्तकें किती, असें त्यांनीं विचारलें. एकहि नाहीं म्हटल्यावर पत्रव्यवहार थांबला. मग आम्हीं नवीन वह्या आणून नुसते समास उतरून घेण्यास आरंभ केला. पावसाळ्यांत कागद ओले होतात म्हणून पेटींत कडुनिंबाचा पाला व खालीं विटा ठेवल्या. नऊ वह्यांचे समास उतरून झाले आहेत. शकुंतलेची गोष्ट जींत आहे ती तिसरी वही मात्र सध्यां आमच्यापाशीं नाहीं. आमच्या ओळखीचा एक तरुण अध्यापक दिवाळीपूर्वीं ती चार दिवसांच्या बोलीनें घेऊन गेला, आणि दोनदां मागितली तरी पुढचा धडा झाल्यावर देतों असें म्हणतो.